नवा कोच, तरुण क्वार्टरबॅक आणि तुमची फॅन्टसी टीम: केलेब विल्यम्सच्या निमित्ताने नवख्यांसाठी

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये फॅन्टसी फुटबॉलच्या लीग जमायला लागतात: एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेतले खेळाडू निवडून कागदावर आपली टीम करायची आणि खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. तिकडे नव्याने गेलेल्या किंवा पुण्यात बसून तिकडच्या टीमबरोबर काम करणाऱ्या मराठी मंडळींनाही त्यात ओढलं जातं. गुण कसे मिळतात, टीम कशी लावायची हे आठवडाभरात कळतं. पण एका ठिकाणी जवळजवळ प्रत्येक नवखा अडतो. एखादा तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, मोठं नाव घेऊन एनएफएलमध्ये आलेला असतो, पहिल्या वर्षात त्याची धूळधाण झालेली असते आणि आता त्याला नवा, गाजलेला कोच मिळालेला असतो. त्याला घ्यायचं की सोडायचं?

यावर सगळीकडे एकच चर्चा चालते: हा कोच त्याला सुधारेल का? माझ्या मते तुमच्या टीमसाठी हा प्रश्न दुय्यम आहे. खेळाडूचं तंत्र सुधारायला वर्षं जातात, आणि ते सुधारलं तरी गुण वाढतीलच असं नाही. कोच बदलल्यावर लगेच बदलते ती खेळाडूच्या भोवतीची व्यवस्था: त्याच्यापुढे कोण उभं आहे, कोणत्या चाली खेळल्या जातात, टीम किती वेळा गोलरेषेजवळ पोचते. फॅन्टसीचे बरेचसे गुण तिथूनच येतात. हे नीट दिसेल असं आधी-नंतरचं पूर्ण उदाहरण म्हणजे शिकागो बेअर्सचा केलेब विल्यम्स. त्याचं २०२४ हे पहिलं वर्ष आणि बेन जॉन्सन कोच झाल्यावरचं २०२५ हे वर्ष शेजारी ठेवून पाहू. ही पद्धत एकदा हाताशी बसली की पुढे कुठल्याही खेळाडूला लावता येते.

पहिली पायरी: आधी तुमच्या लीगची गुणपद्धत वाचा

क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाच्या जवळपास प्रत्येक चालीत चेंडू ज्याच्या हातात येतो तो खेळाडू. तो चेंडू फेकतो, धावणाऱ्याकडे सोपवतो किंवा स्वतः पळतो. बऱ्याच लीगमध्ये फेकीतून पुढे सरकलेल्या दर २५ यार्डांना एक गुण मिळतो, फेकीतून आलेल्या टचडाऊनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेण्याला) ४, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला, म्हणजे इंटरसेप्शन झालं, की २ गुण वजा होतात. काही ठिकाणी एकच वजा होतो. क्वार्टरबॅक स्वतः धावला तर १० यार्डांना एक गुण आणि टचडाऊनला ६.

हे आकडे आत्ताच मनात पक्के करा, कारण धावण्याचं मोल किती जास्त आहे ते त्यांतच दिसतं. धावून काढलेले ५० यार्ड आणि फेकून काढलेले १२५ यार्ड यांना सारखेच गुण. हाताने जेमतेम पण पायाने चपळ असलेला मुलगा म्हणूनच फॅन्टसीत भाव खाऊन जातो.

आता विल्यम्सची दोन वर्षं मोजू. २०२४ मध्ये त्याने ३,५४१ यार्ड फेकले, २० टचडाऊन दिले, ६ इंटरसेप्शन झाली आणि धावून ४८९ यार्ड काढले. धावून टचडाऊन एकही नाही. वरच्या पद्धतीने हे साधारण २५८ गुण होतात. २०२५ मध्ये ३,९४२ यार्ड, २७ टचडाऊन, ७ इंटरसेप्शन, धावून ३८८ यार्ड आणि ३ टचडाऊन. गुण साधारण ३०८. हातातून सुटलेले चेंडू, त्याने स्वतः झेललेला चेंडू वगैरे गोष्टी यात धरलेल्या नाहीत.

फरक ५० गुणांचा. दोन्ही वर्षी तो सगळे १७ सामने खेळला, म्हणजे सामन्यामागे जवळपास तीन गुण वाढले. हे ५० आले कुठून? फेकीच्या यार्डांतून १६ वाढले आणि धावण्याच्या यार्डांत १० घटले. एका जादा इंटरसेप्शनने २ नेले. उरलेले ४६ गुण टचडाऊनचे आहेत: २८ फेकीतल्या, १८ धावून केलेल्या. पूर्ण झालेल्या फेकींचं प्रमाण मात्र ६२.५ टक्क्यांवरून ५८.१ टक्क्यांवर घसरलं! जॉन्सनने जाहीर सांगितलेलं लक्ष्य ७० टक्क्यांचं होतं. अचूकतेचा आकडा खाली गेला आणि फॅन्टसीचे गुण वर गेले. नवख्याने थांबून विचार करावा अशी जागा असेल तर ही.

दुसरी पायरी: आधीच्या वर्षी नेमकं काय मोडलं होतं ते शोधा

विल्यम्स २०२२ चा हाइजमन विजेता, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजातले खेळाडू क्रमाने निवडतात त्या वार्षिक निवडीत, बेअर्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. तो क्रमांकही त्यांना कॅरोलायना पँथर्सबरोबर २०२३ मध्ये केलेल्या सौद्यातून मिळाला होता. त्याच सौद्यात डीजे मूर हा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, आला. शिवाय २०२४ च्याच ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर रोम ओडुन्झे हा आणखी एक रिसीव्हर. कागदावर सगळं जुळून आलं होतं.

झालं काय? टीम ५ जिंकली, १२ हरली. ऑक्टोबरच्या शेवटी वॉशिंग्टनमध्ये बेअर्स पुढे होते. अखेरच्या क्षणी जेडेन डॅनिअल्सने जीव खाऊन फेकलेला लांब चेंडू गर्दीतून उडून नोआ ब्राऊनच्या हातात पडला आणि सामना १८-१५ असा गेला. तिथून सलग दहा पराभव. १० नोव्हेंबरला न्यू इंग्लंडविरुद्ध १९-३ अशी हार झाली, त्यात विल्यम्स नऊ वेळा चेंडूसकट आडवा झाला. दोन दिवसांनी आक्रमणाचे कोच शेन वॉल्ड्रन यांना काढलं. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डेट्रॉइटविरुद्ध शेवटची चाल खेळताना हातात टाइमआऊट शिल्लक असूनही तो घेतला गेला नाही, घड्याळ संपलं, २३-२० हार. दुसऱ्या दिवशी मुख्य कोच मॅट एबरफ्लूस गेले. हंगाम चालू असताना मुख्य कोचला काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ही पहिली वेळ. थॉमस ब्राऊन या एकाच गृहस्थांकडे त्या महिन्यात आधी आक्रमण आलं आणि मग अख्खी टीम.

२२-२३ वर्षांच्या मुलाने अशा वर्षात काय शिकायचं? तरी या पडझडीत दोन खुणा होत्या, आणि तुम्ही शोधायच्या त्या अशाच खुणा.

पहिली म्हणजे इंटरसेप्शन. वर्षभरात फक्त सहा, आणि सलग ३५३ फेकींत एकही नाही. पहिल्या वर्षाच्या खेळाडूंमधला हा विक्रम आहे. टीम हरत असताना घायकुतीला येऊन वाट्टेल तसा चेंडू फेकणं ही तरुण क्वार्टरबॅकची नेहमीची खोड, ती याला नव्हती. त्याचा अर्थ पायाखालची जमीन भक्कम होती.

दुसरी खूण वाईट होती: ६८ सॅक, त्या हंगामातले सर्वांत जास्त. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं तर तो सॅक. फॅन्टसीत सॅकचे गुण सहसा वजा होत नाहीत, म्हणून नवखे या आकड्याकडे बघतही नाहीत. पण एक सॅक म्हणजे पाच-सात यार्ड मागे, पुढची चाल अवघड, बहुतेकदा चेंडू परत देणं. टचडाऊनकडे चाललेली वाटचाल तिथेच मरते. ६८ वेळा असं झाल्यावर २० टचडाऊन झाले यात नवल नाही. आणि एक लक्षात ठेवा: सॅकचा सगळा दोष पुढच्या ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे त्याला वाचवायला समोर उभ्या असलेल्या पाच जणांवर, नसतो. विल्यम्स स्वतः चेंडू फार वेळ हातात धरायचा. कॉलेजात तो चपळाईने सगळ्यांना चकवून निसटत असे, इथले पाठलाग करणारे त्याच्याइतकेच वेगवान. म्हणजे मोडलेल्या गोष्टी दोन होत्या, एक समोरची भिंत आणि एक स्वतःची सवय. नव्या कोचला दोन्ही दुरुस्त करता येतील का, हा खरा प्रश्न.

तिसरी पायरी: कोचचा पूर्वेतिहास वाचा, पण त्याच्याकडे तेव्हा कोण होतं तेही वाचा

बेन जॉन्सन २०२२ ते २०२४ डेट्रॉइट लायन्सच्या आक्रमणाचे कोच होते. २०२४ मध्ये लायन्सनी ५६४ गुण केले, सामन्यामागे ३३ च्या वर, संपूर्ण लीगमध्ये पहिले. त्यांचा क्वार्टरबॅक जेरेड गॉफ: ४,६२९ यार्ड, ३७ टचडाऊन, ७२.४ टक्के अचूकता.

हे वाचून नवखा म्हणतो, चला, आता विल्यम्सही ३७ टचडाऊन देणार. थांबा. गॉफपुढे तेव्हा लीगमधल्या उत्तम ऑफेन्सिव्ह लाइनपैकी एक उभी होती. गॉफ फेकायला अजिबात वेळ लावत नाही, पण पळत जवळजवळ नाहीच. विल्यम्स नेमका उलटा. आणि लायन्स गोलरेषेजवळ पोचले की चेंडू अनेकदा धावणाऱ्यांकडे जायचा. जमीर गिब्सने त्या एका वर्षात धावून १६ आणि झेलून ४ असे २० टचडाऊन केले. कोच धावण्याच्या खेळावर प्रेम करणारा असेल तर क्वार्टरबॅकच्या वाट्याचे काही टचडाऊन तिकडे जाणार हे धरून चालायचं.

कोचबद्दल तीन गोष्टी मी नेहमी तपासतो. चाली तो स्वतः सांगतो का, की सहायकावर सोपवतो? जॉन्सन शिकागोतही स्वतः सांगतात, त्यामुळे डेट्रॉइटचा अनुभव लागू धरता येतो. दुसरं, आपल्या पद्धतीत खेळाडूला बसवायला तो त्याच्याकडून काय नवीन मागणार आहे? कॉलेजात विल्यम्स बहुतेक वेळ मागे उभा राहून स्नॅप, म्हणजे चाल सुरू करताना मागे दिलेला चेंडू, घ्यायचा. जॉन्सनच्या पद्धतीत सेंटरच्या, म्हणजे तो चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, अगदी पाठीशी उभं राहून चेंडू घेण्याच्या चाली पुष्कळ. तिथून धावण्याचं सोंग करून चेंडू फेकता येतो आणि बचावफळी फसते. पण त्यात काही क्षण मैदानाकडे पाठ करावी लागते. हे अंगवळणी पडायला वेळ लागतोच. हडलमध्ये, म्हणजे चालीआधीच्या घोळक्यात, लांबलचक चाल बिनचूक सांगायची, स्नॅपचा पुकारा नीट द्यायचा, याही गोष्टी आल्या. म्हणूनच पहिल्या चार-सहा सामन्यांकडून मी फार अपेक्षा ठेवत नाही.

तिसरं, या कोचने यापूर्वी पडलेल्या माणसाला उठवलं आहे का? इथे गॉफचीच जुनी गोष्ट उपयोगी पडते, फक्त ती दुसऱ्या कोचची आहे. २०१६ च्या ड्राफ्टमधला तो पहिला, पहिल्या वर्षी सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने हरला. २०१७ मध्ये रॅम्सकडे शॉन मॅकव्हे आले आणि त्याच गॉफने ३,८०४ यार्ड, २८ टचडाऊन, फक्त ७ इंटरसेप्शन अशी कामगिरी केली. टीम ११-५. असा पलटा होऊ शकतो, त्याला पुरावा आहे.

उलटा पुरावाही आहे. ब्राइस यंग हा २०२३ चा पहिला. पहिल्याच वर्षी कोच फ्रँक राइक यांना मधेच काढलं. २०२४ मध्ये डेव्ह कनालेस आले. आदल्या वर्षी टँपा बेमध्ये त्यांच्या हाताखाली बेकर मेफिल्डने ४,००० यार्ड पार केले होते, त्यामुळे गाजावाजा भरपूर. दोन सामन्यांतच यंग बाकावर बसला आणि जागा अँडी डाल्टनला गेली. पुढे तो परतला आणि बराच बरा खेळला, पण ज्यांनी त्याला आपल्या फॅन्टसी टीममध्ये भरवशाने घेतलं होतं त्यांचा तोवर सप्टेंबर वाया गेला होता. नव्या कोचला जुन्या खेळाडूशी बांधिलकी नसते, हा धोका हिशेबात धरा.

चौथी पायरी: पैसा आणि ड्राफ्टचे क्रमांक कुठे खर्च झाले ते बघा

टीमच्या पत्रकार परिषदा ऐकून काही कळत नाही, खर्च पाहून कळतं. २०२५ च्या सुरुवातीला बेअर्सनी ऑफेन्सिव्ह लाइनचा मधला भाग सगळाच बदलला: कॅन्सस सिटीहून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, आणि अटलांटाहून सेंटर ड्रू डालमन. जॅक्सनने जॉन्सनबरोबर डेट्रॉइटमध्ये काम केलेलं. मग ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर टाइट एंड (चेंडू झेलणारा आणि अडवण्याचंही काम करणारा) कोल्स्टन लव्हलँड, दुसऱ्या फेरीत रिसीव्हर लूथर बर्डन.

यातलं थूनीचं नाव मला सर्वांत मोलाचं वाटलं होतं. रिसीव्हर आला की बातम्या होतात. थूनीसारखा गार्ड, म्हणजे लाइनमध्ये सेंटरच्या शेजारी उभा राहणारा, आला की कोणी विचारत नाही, आणि क्वार्टरबॅकचं आयुष्य गार्ड बदलतो. परिणाम तुमच्यासमोर आहे: ६८ सॅकचे २४ झाले. फेकींची संख्या दोन्ही वर्षी जवळजवळ तीच, ५६२ आणि ५६८. म्हणजे तो जास्त फेकू लागला असं नाही. दर शंभर फेकींमागे टचडाऊन साडेतीनवरून पावणेपाचच्या आसपास गेले, कारण टीम आता शेवटपर्यंत पोचत होती.

आणि अचूकता का घसरली, याचाही एक धागा इथेच आहे. पूर्वी ज्या चालीत तो चेंडू धरून ठेवायचा आणि पडायचा, तशा चालींत आता तो चेंडू मैदानाबाहेर भिरकावून मोकळा होतो. ती फेक अपूर्ण म्हणून नोंदली जाते, पण यार्ड वाचतात आणि पुढची चाल जिवंत राहते. ही खरी प्रगती आहे, टक्क्यांच्या रकान्यात मात्र ती अधोगतीसारखी दिसते.

पाचवी पायरी: हंगाम सुरू झाल्यावर कसं वाचायचं

२०२५ च्या पहिल्या सामन्यात मिनेसोटाविरुद्ध विल्यम्सच्या पहिल्या दहाच्या दहा फेकी पूर्ण झाल्या, पहिल्याच वाटचालीत तो स्वतः धावत टचडाऊन करून आला. मग सगळं आटलं आणि बेअर्स २७-२४ हरले. दुसऱ्या आठवड्यात डेट्रॉइटने ५२-२१ असा धुव्वा उडवला. पुष्कळांनी तेव्हा त्याला सोडून दिलं. तिसऱ्या आठवड्यात डॅलसविरुद्ध चार टचडाऊन.

तीन आठवड्यांत तीन वेगळे विल्यम्स दिसले, आणि अशा वेळी मन खाली-वर होतं. म्हणून सांगतो, नव्या कोचच्या पहिल्या वर्षात बाय वीकपर्यंत, म्हणजे टीमच्या सुट्टीच्या आठवड्यापर्यंत, निकाल देऊ नका. बेअर्सची सुट्टी पाचव्या आठवड्यात होती. सुट्टीच्या आठवड्यात कोच मंडळी आपलेच सामने पुन्हा पाहतात, न चालणाऱ्या चाली काढून टाकतात. त्यानंतर बेअर्सचा धावण्याचा खेळ बसला आणि टीम सावरली. तोवर त्याला बाकावर ठेवा, सोडू नका, आणि खेळवायला दुसरा साधा भरवशाचा क्वार्टरबॅक जवळ असू द्या.

प्रतिस्पर्धी बघायला शिका. २ नोव्हेंबरला सिनसिनाटीमध्ये बेअर्स ४७-४२ जिंकले. तिथल्या बेंगल्स टीमचा बचाव त्या वर्षी फारच दुबळा होता. विल्यम्सने तीन टचडाऊन फेकले, त्यातला शेवटचा ५८ यार्डांचा लव्हलँडला, सामना संपायला १७ सेकंद असताना. शिवाय मूरने फेकलेला चेंडू झेलून स्वतः एक केला. ज्याने त्या आठवड्यात त्याला खेळवलं त्याचा सामना तिथेच जिंकला. पुढच्या आठवड्यात जायंट्सविरुद्ध २४-२० असा विजय, तो त्याने स्वतः १७ यार्ड धावून मिळवला. त्या एका धावेचे जवळजवळ आठ गुण.

आता याच्या विरुद्ध टोक. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी बेअर्स फिलाडेल्फियाला गेले आणि गतविजेत्या ईगल्सना त्यांच्याच घरी २४-१५ हरवलं. शिकागोच्या चाहत्यांसाठी वर्षातला सर्वांत समाधानाचा दिवस. डीआंड्रे स्विफ्ट आणि सातव्या फेरीत घेतलेला नवखा काइल मोनांगाय, दोघेही शंभराच्या पार धावले. आणि विल्यम्सचे फेकीतून दोनशे यार्डही झाले नाहीत. फॅन्टसीत त्याला खेळवणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही. खरा सामना आणि फॅन्टसीचा सामना हे दोन वेगळे हिशेब आहेत. टीम धावून जिंकू लागली की क्वार्टरबॅकचे गुण आटतात. उलट टीम मागे पडली की शेवटच्या सत्रात फेकीचा पाऊस पडतो. सतराव्या आठवड्यात, म्हणजे बऱ्याच लीगची फायनल असते तेव्हा, बेअर्स सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ४२-३८ हरले आणि विल्यम्सने तीनशेच्या वर यार्ड फेकले.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी वेळेचं गणित. रविवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. कोण खेळणार नाही याची यादी सामन्याच्या दीड तास आधी येते, म्हणजे रात्री नऊ किंवा दहाला. ती पाहूनच टीम पक्की करा. रविवार रात्रीचा सामना म्हणजे आपला सोमवार पहाटे सहाच्या आतबाहेर, सोमवारचा म्हणजे मंगळवार पहाट. गुरुवारचा सामना शुक्रवारी पहाटे असतो आणि तिथेच नवख्यांची फसगत होते. गुरुवारी झोपण्याआधी टीम बघून ठेवा. आणि भारतात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या कायद्याने मनाई आहे, तेव्हा इथून खेळताना बिनपैशाचीच लीग घ्या. पैसे नसले तरी चुरस तेवढीच असते.

सहावी पायरी: पुढच्या वर्षाचा अंदाज

२०२५ अखेर बेअर्स ११-६ असे आपल्या गटात पहिले आले. विल्यम्सच्या ३,९४२ यार्डांनी एरिक क्रेमरचा १९९५ पासूनचा ३,८३८ यार्डांचा क्लब विक्रम मोडला. प्लेऑफमध्ये, म्हणजे नेहमीच्या सामन्यांनंतरच्या बाद फेरीत, त्यांनी ग्रीन बेला २१-३ अशा पिछाडीवरून ३१-२७ हरवलं, मग रॅम्सकडून जादा वेळेत २०-१७ हार पत्करली. प्लेऑफचे गुण नेहमीच्या फॅन्टसीत धरत नाहीत, पण त्या सामन्यांमुळे खेळाडूचं नाव मोठं होतं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये त्याची किंमत वाढते. गाजलेले शेवटचे क्षण आठवून बोली लावू नका, १७ सामन्यांची बेरीज बघा.

त्या बेरजेत मला आशेला जागा दिसते ती ५८.१ टक्क्यांमध्येच. एकाच कोचखाली दुसरं वर्ष, तीच भाषा, त्याच चाली. अचूकता चार-पाच टक्क्यांनी जरी वाढली तरी यार्ड आपोआप चार हजारांच्या पार जातील. बेअर्सच्या कुठल्याच क्वार्टरबॅकने ते अजून केलेलं नाही. सावधगिरीची जागा म्हणजे वेळापत्रक. गटात पहिल्या आलेल्या टीमच्या १७ पैकी तीन सामने इतर गटांतल्या पहिल्या टीमबरोबर लागतात. पण कठीण प्रतिस्पर्धी म्हणजे जास्त फेकी, त्यामुळे फॅन्टसीसाठी मला याची फार चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती ऑफेन्सिव्ह लाइनची. ऑगस्टमध्ये फक्त एवढं तपासा: मागच्या वर्षीचे पाच जण जागेवर आहेत का, आणि नसतील तर त्यांच्या जागी कोण.

त्याच ड्राफ्टमधल्या दुसऱ्यांशीही ताडून पाहा. तिसऱ्या क्रमांकाचा ड्रेक मे यालाही २०२५ मध्ये माइक व्रेबल आणि जॉश मॅकडॅनिअल्स असे नवे कोच मिळाले: ४,३९४ यार्ड, ३१ टचडाऊन, ७२ टक्के अचूकता, टीम थेट सुपर बोल या अंतिम सामन्यात. हा विल्यम्सपेक्षा वरचा माल आहे, उगाच बरोबरी करू नका. दुसऱ्या क्रमांकाचा डॅनिअल्स २०२४ मध्ये ८९१ यार्ड धावला आणि फॅन्टसीवाल्यांचा लाडका झाला, पण २०२५ मध्ये दुखापतींनी त्याचं अर्ध्याहून जास्त वर्ष नेलं. धावण्याचे गुण गोड लागतात, मात्र अंगावर मार बसण्याचा धोका त्यांच्याबरोबरच येतो. विल्यम्सचं धावणं यार्डांत कमी झालं आणि टचडाऊनमध्ये वाढलं, ही माझ्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे.

शेवटची पायरी: किती किंमत मोजायची

बारा जणांच्या, एकच क्वार्टरबॅक खेळवायच्या लीगमध्ये दर आठवड्याला फक्त बारा क्वार्टरबॅक लागतात. एनएफएलमधल्या टीम ३२. म्हणजे कामचलाऊ माणूस कधीही मिळतो. अशा लीगमध्ये विल्यम्ससारख्याला खेळाडू निवडण्याच्या पहिल्या सात फेऱ्यांत हात लावू नका. तोवर रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) आणि रिसीव्हर भरा, ते पुढे मिळत नाहीत. आठव्या-नवव्या फेरीत तो शिल्लक असेल तर जरूर घ्या. दुसरा कुणी आधीच नेला तर हळहळू नका, त्याच गुणांच्या आसपासचे चार जण अजून पडलेले असतात.

दोन क्वार्टरबॅक खेळवता येतात अशी लीग असेल तर हे सगळं उलटतं. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही त्याला घेणं चूक नाही. आणि खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात अशी लीग असेल, तर तरुण क्वार्टरबॅक मागायची वेळ म्हणजे त्याचं वाईट वर्ष. २०२४ च्या डिसेंबरमध्ये, दहा पराभवांच्या मालिकेत, फॅन्टसी लीगमधला विल्यम्सचा मालक कंटाळलेला होता आणि इंटरसेप्शनचा आकडा तेव्हाही सहाच्या वर गेला नव्हता. आज तसाच दुसरा कोण आहे ते शोधा: भरपूर सॅक, मोजकी इंटरसेप्शन, नुकताच काढलेला कोच. सापडला की त्याच्या मालकाला निरोप पाठवा, नव्या कोचचं नाव जाहीर व्हायच्या आत.